परिशिष्टातलं पत्र

मला वाचता न आलेलं पत्र मी एका म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. चूक एवढीच. बाकीचं सगळं तिच्याच पोटातून निघालं.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात जर्मनचं एम.ए. करत होतो. करत होतो म्हणजे लघुप्रबंध तेवढा राहिला होता आणि खोली सोडून मी साताऱ्याला घरी येऊन पडलो होतो. साताऱ्यात जर्मन येणारा मी एकटाच, असा माझा समज होता आणि तो मी चांगला गावभर पोचवला होता. वडिलांच्या मित्रांपुढं मी दोन-चार लांबलचक शब्द फेकायचो, मित्र माना डोलवायचे आणि वडील विचारायचे, "पण ह्याची नोकरी कुठं लागते?"

माझ्या मार्गदर्शक बाई निवृत्त होऊन सांगलीत राहत होत्या. महिन्यातल्या एका रविवारी मी फाईल घेऊन एस.टी.नं त्यांच्याकडं जायचो. मला एका कवीवर लिहायचं होतं. बाईंनी तो आराखडा दोन बोटांत धरून परत दिला.

"कवीवर लिहिणारे पन्नास आहेत. तुमच्या जिल्ह्यात घरटी एक फौजी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला एखादा शोध. त्याच्या आठवणीतली जर्मनी कशी आहे ते लिही."

शोधला. पाटणच्या वाटेवरच्या एका गावात सापडला. पंचाहत्तरी ओलांडलेला, ताठ. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं, म्हणून मीही. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेला होता, तिथून इटली, तिथून जर्मनी. शेवटचं वर्ष-सव्वा वर्ष एका शेतकरी बाईच्या गोठ्यात आणि बटाट्याच्या रानात राबला. त्या बाईचा एकुलता एक मुलगा रशियाच्या आघाडीवर होता. त्याचा लोकरीचा कोट तिनं आबाला घालायला दिला होता.

मी टेपरेकॉर्डर लावला, सेल नवे घातले. आबा खेडवळ जर्मन बोलायला लागला आणि मला त्यातलं निम्मं कळेना. मी मात्र प्रत्येक वाक्याला "या, या", म्हणजे हो हो, करत मान हलवत राहिलो.

तिसऱ्या खेपेला त्यानं पत्र्याच्या ट्रंकेतून एक पाकीट काढलं. लढाईनंतर दोन वर्षांनी त्या बाईकडून आलेलं. तोवर आबा फौज सोडून घरी आला होता. पोस्टमास्तरला ते वाचता आलं नाही, साताऱ्यातल्या वकिलाला आलं नाही. पुढं पन्नास वर्षं ते ट्रंकेतच.

"समदं न्हाई वाचलं तरी चालंल," आबा म्हणाला. "तिचं पोरगं आलं का माघारी, तेवढं बघा."

मी कागद उघडला. आपल्याकडं मोडी तशी जर्मनांची एक जुनी लिपी होती. जुनी माणसं त्याच लिपीत लिहायची. आम्हाला शिकवली ती छापील पुस्तकातली भाषा. समोर नुसत्या टोकदार उभ्या रेघा, करवतीच्या दातांसारख्या. वरची तारीख तेवढी लागली.

मला ही लिपी येत नाही. पाच शब्दांचं वाक्य, आणि मराठीतलं. तेवढंही तोंडातून निघेना. समोर आबा, दारात चहा घेऊन उभी असलेली त्याची सून, ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं, आणि मी साताऱ्यातला एकमेव जर्मन पंडित.

"आलाय म्हणते," मी म्हणालो. "थोडा लंगडतो. पण आलाय."

खोटं बोलताना एक तपशील जास्तीचा घालायची मला सवय आहे. प्रबंधातही घालायचो.

"लंगडंना का," आबा म्हणाला. "आलं ह्ये झालं." आणि तो उठून परड्यात गेला. बराच वेळ आला नाही.

पुढच्या आठवड्यात तो आमच्या घरी आला, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. वडिलांच्या पाया पडायला लागला, वडील मागं सरकले. "तुमच्या पोरानं लय मोठं काम केलं बगा," म्हणाला. वडिलांनी त्या दिवशी नोकरीचं विचारलं नाही. शेजारच्या दोन घरांत पेढे वाटले. मी चार खाल्ले.

इथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी त्या पत्राची झेरॉक्स प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडली. वर दीड पान लिहिलं, शत्रूच्या घरातला जिव्हाळा, मुलाचं परत येणं वगैरे. जे मला येत नाही ते बाईंना तरी कुठून येणार, असा माझा हिशेब.

बाईंनी चष्मा पुसला आणि ते पत्र वर्तमानपत्र वाचावं तसं घडाघडा वाचलं. मग माझं दीड पान वाचलं. मग पुन्हा पत्र.

"यात लंगडा कुठं आहे?"

मी फाईलची नाडी बांधायला लागलो.

"जर्मनीत शिकत असताना माझी घरमालकीण किराण्याची यादी ह्याच अक्षरात लिहून द्यायची," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, मला हे येत नाही. तिनं आठ दिवसांत शिकवलं."

त्यांनी पॅडचा कागद फाडला, पत्राचं मराठी त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"परिशिष्ट मी दुरुस्त करून घेईन. त्या माणसाचं काय करणार आहेस?"

"बाई, वय झालंय त्यांचं. आता कशाला दुखवायचं?"

"दुखणार कुणाला आहे ते खरं सांग. तू तिथं जाऊन आल्याशिवाय मी सही करणार नाही."

म्हणजे मी गेलो तेही सहीसाठी. प्रबंधाला पुढं चांगले गुण पडले. ते मी कुणाला सांगत नाही.

आबा ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. चहा नको म्हणालो, तरी सून आत गेली. मी एका दमात सांगून टाकलं की मागच्या वेळी मला वाचता आलं नव्हतं, मी मनचं सांगितलं. तो शेंगा फोडतच राहिला. मग म्हणाला, "आता वाचा."

मी बाईंचा कागद काढला. त्या शेतकरी बाईनं लिहिलं होतं की तू सुखरूप घरी पोचलास का, एवढं कुणाकडून तरी कळव. माझा मुलगा गेला. बातमी तू इथं असतानाच आली होती. मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तो कोट अंगातून काढून ठेवला असतास, आणि थंडी फार होती.

आबाचे हात थांबले.

"परत वाचा."

परत वाचलं. सून दारात येऊन उभी राहिली, हातातली कपबशी तशीच.

"तिनं इच्यारलं हुतं, पोचलास का म्हनून," आबा म्हणाला. "आनि आमी कळवलं न्हाई." मग त्यानं हात पुढं केला. मी कागद दिला. ओळींवरून त्यानं बोट फिरवलं.

"ह्ये अक्षर कुनाचं?"

"आमच्या बाईंचं. सांगलीच्या. त्यांना ती लिपी येते."

त्यानं कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुन्हा शेंगांकडं वळला.

"मग त्यास्नीच धाडायचं हुतं. तुमी कशाला आलासा?"