चौथा ठोकळा

ठोकळेकाकांना सव्वीस वर्षांत कोणी खऱ्या नावाने हाक मारल्याचे आढळत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चाचणी-प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबयंत्राखाली फोडायचे आणि कोणता ठोकळा किती भाराला फुटला ते वहीत लिहायचे, हे त्यांचे काम. विभागप्रमुख बदलले, यंत्र दोनदा बदलले. वहीतले अक्षर तेवढे तेच राहिले.

नियमाप्रमाणे प्रत्येक बांधकामाचे तीन ठोकळे फोडायचे असत. काका त्याच काँक्रीटचा चौथाही भरत. पहिले तिघे अठ्ठावीस दिवस प्रयोगशाळेतल्या टाकीत पाण्याखाली राहत. चौथा ते प्रत्यक्ष बांधकामाच्या शेजारी उघड्यावर ठेवत. त्याच्या वाट्याला ऊनपाणी तेच, जे बांधकामाच्या वाट्याला. आणि बांधकामावर माणसांची पावले पडण्याआधी तो फोडायचा, अशी त्यांची रीत होती. “टाकीतले तिघे घरजावई,” ते म्हणत, “खरं काय ते हा बाहेरचा सांगतो.” या चौथ्याची नोंद कुठल्याही वहीत सापडत नाही. तो त्यांच्या मनाचा कारभार होता.

त्या वर्षी महाविद्यालयाला आकाश ठेंगणे झाले होते. कार्यशाळा आणि ग्रंथालय यांच्यामधल्या कोरड्या नाल्यावर पाच विद्यार्थ्यांनी बांधलेला पादचारी पूल आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिला आला होता. अकरा पावलांचा पूल, जाडी जेमतेम वीतभर. चमूची प्रमुख काकांची पुतणी. भाऊ गेल्यापासून काकांनीच तिला वाढवले होते. या पारितोषिकाच्या बळावर तिला एका मोठ्या संशोधन संस्थेत जागा मिळाली होती. फाटकावरच्या फलकावर तिचा चेहरा झळकत होता आणि उपाहारगृहातला माणूसही तिच्याकडून चहाचे पैसे घेईनासा झाला होता.

पुलाच्या उद्घाटन-समारंभाच्या दिवशी सकाळी काकांनी पुलाशेजारचा चौथा ठोकळा आणून यंत्राखाली ठेवला. टाकीतले तिघे प्रत्येकी सुमारे एकोणसत्तर टनांना फुटले होते. हा छत्तिसाला गेला. फुटतानाचा खणखणीत आवाजही आला नाही. शिळी भाकरी मोडावी तसा तो मोडला.

काका बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. मग भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेले. पुलाला रोज पाणी दिल्याच्या अठ्ठावीस खुणा तिथे ओळीने होत्या. पुलावर अंथरलेली गोणपाटे मात्र परीक्षेच्या सुमारास वाळून नाल्यात उडालेली त्यांनी स्वतः पाहिली होती, आणि वारा जोराचा असेल म्हणून सोडून दिली होती. अहवालावर सही करताना त्यांनी खुणा मोजल्या होत्या. दार उघडून वीस पावले चालत गेले नव्हते.

विभागप्रमुख समारंभाच्या गडबडीत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे एकच विचारले.

“काका, हा ठोकळा वहीत आहे?”

“नाही, साहेब.”

“मग तो नाहीच.”

पुतणी मंचामागे भेटली. पुलावर आज कोणाला चढू देऊ नकोस, असे काकांनी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. हे आजच सुचले का, असे तिने विचारले. ठोकळा आजच फुटला, असे ते म्हणाले. साहेबांना ठाऊक आहे ना, एवढे विचारून ती निघून गेली.

समूहचित्रासाठी पुलावर एकशे वीस जण दाटीवाटीने उभे राहिले. छायाचित्रकाराने सर्वांना एकदम उडी मारायला सांगितले. त्यांनी मारली. नाल्यात उतरून उभ्या असलेल्या काकांनी डोळे मिटून घेतले.

पूल पडला नाही. त्यानंतर काकांचे कोणी ऐकण्याचा प्रश्नच उरला नाही. “काकांचा चौथा नापास, आम्ही सगळे पास,” असे पोरे जाता-येता म्हणू लागली, आणि काकाही उसने हसू आणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या पोटाला, मधोमध, केसाएवढी चीर दिसली. ती जिथे संपत होती तिथे काकांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहिली. तिसऱ्या दिवशी चीर रेघ ओलांडून गेली होती. त्यांनी नवी रेघ मारली. प्राचार्यांना पत्र दिले. सदर ठोकळ्याचा नोंदक्रमांक व पृष्ठक्रमांक कळवावा, असे उत्तर आले. दर तासाला वरून पोरे वह्या छातीशी धरून धावत होती, आणि खाली तारखा वाढत होत्या.

घरी दोघे समोरासमोर जेवत, पण पुलाचा विषय निघत नसे. दहाव्या दिवशी पुतणी आपण होऊन नाल्यात उतरली. तिने सगळ्या तारखा पहिलीपासून वाचल्या. वरून कोणीतरी गेले आणि तिच्या खांद्यावर पांढरी भुकटी सांडली.

“परीक्षेतल्या खुणा माझ्या होत्या,” ती म्हणाली. “ठोकळ्यांची टाकी भरलेली दिसायची. तेवढं बघून मी खूण करायचे. पुलाकडे गेलेच नाही.”

“मीसुद्धा खुणाच मोजल्या, बाळ.”

तिने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि चिरेच्या टोकाशी नववी रेघ स्वतः मारली. रेघ वाकडी आली.

“आता पत्र माझ्या सहीने जाऊ दे. काय केलं ते मीच लिहिते.”

“तुझी जागा जाईल.”

“जाईल.”

काकांना आणखी काही बोलायचे होते. पण ती काठ चढून वर गेली आणि कार्यशाळेच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. पलीकडचे तोंड मोकळे होते. काका गुडघ्यांवर हात टेकत, धापा टाकत ग्रंथालयाच्या बाजूचा काठ चढू लागले. ते निम्म्यावर असतानाच तास सुटल्याची घंटा झाली आणि दोन्ही इमारतींची दारे धाडकन उघडली.