रफीक, आत बोट लावू नकोस!

"हे औषध अब्बांना कधी मिळणार?" आपाच्या लॅबमध्ये मी हे प्रत्येकाला विचारलं. उत्तर एकानंही दिलं नाही, चहा मात्र सगळ्यांनी पाजला! तिथले किस्से म्हणजे आमच्या मटणाच्या दुकानातली हाडं. सकाळी आवरा, संध्याकाळी पुन्हा ढीग!

आपा माझी मोठी बहीण. होती. आता 'होती' लिहायचं. मी आठवीतून शाळा सोडून वडगावात सुरी धरली. ती शिकत शिकत हृदयाच्या नळ्यांत साचणाऱ्या चरबीवर औषध शोधायला लागली.

*

"नळी सुजली की पांढऱ्या पेशी तिकडं धावतात," ती सांगायची. "त्यांचं पातळ आवरण काढून औषधाच्या बारीक कणावर चढवायचं. शरीराला वाटतं, हा आपलाच!"

"कळलं! मी लोणावळ्यात बँडवाल्याचा कोट घालून लग्नात जेवून आलो, तसं!"

पुढच्याच आठवड्यात तिनं मोठमोठ्या डॉक्टरांसमोर हेच उदाहरण दिलं. माझ्या नावासकट!

*

अब्बांना दोन ब्लॉकेज. तरी जेवताना ऑर्डर चालूच, "पोरीचं औषध येतंय, वाढ चरबी!"

"अब्बा, ते अजून उंदरांपर्यंतच पोचलंय," आपा सांगायची.

"मग उंदरांचं नशीब लय भारी!"

*

एकदा आपाचा फोन आला, "बकऱ्याच्या हृदयाजवळची मोठी नळी पाहिजे. ताजी, बर्फात." तिच्या औषधाचे कण तिथं चिकटतात का, हे बघायचं होतं.

साफसफाईत माझा हात धरणारा मावळात कुणी नाही. नळी उभी चिरली, आतून खरवडली, गरम पाण्यानं धुतली. चकाचक!

आपाच्या लॅबच्या सरांनी ती चिमट्यात धरून बघितली. "आतलं अस्तर कुठंय?"

"काढलं ना सर! घाण कशाला आणू?"

आपानं कपाळावर हात मारला. "अरे येड्या, कण त्या अस्तरालाच चिकटणार होते!" मग टेबल धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेव्हापासून बर्फाच्या डब्याच्या झाकणावर तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'आत बोट लावू नये. रफीकनं तर मुळीच नाही.'

*

आपाला डेंग्यूनं पाच दिवसांत नेलं. तिचा प्रयोग अर्धाच राहिला. माझ्याकडं नळी मागायची सरांना हिंमत होत नव्हती.

दफनानंतरच्या चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं. पहिलं बकरं कापलं, डबा भरला आणि स्कूटरला किक मारली.

सरांनी झाकण उघडलं. अस्तर बघितलं. मग झाकणावरची अक्षरं बघत राहिले.

"सर," मी म्हटलं, "आत बोटसुद्धा लावलं नाही."