खरा बुरूज फोडून दिवाळीचा किल्ला

मंडळी, जळोचीला घरी पोचून चहा झाला, तरी डोकं तापलेलंच आहे.

दिवाळीची सुट्टी म्हणून सकाळी गाडी काढली आणि इंदापूरकडची एक जुनी गढी बघायला गेलो. निजामशाहीच्या काळातली म्हणतात. तिचा एकच बुरूज धड उरलाय, आणि त्याच्याच पायथ्याशी ट्रॅक्टर उभा! चार-पाच जण टिकावानं बुरूज खणून माती ट्रॉलीत भरत होते.

त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसाला विचारलं, “तात्या, हे काय चाललंय?”

“मंडळाचा दिवाळीचा किल्ला करायचाय. स्पर्धा हाय. हितली पांढरी माती लई चिकट, बुरूज कसा टणक ऱ्हातो.”

“अहो, पण तुम्ही खणताय तो बुरूजच आहे ना!”

“ह्यो? ह्यो पडाय आलाय. आमी नवा करतोय न्हवं!”

मी ओरडलो, तर सगळे हसले. फोटो काढायला लागलो, तर टिकाव खांद्यावर घेऊन पोज दिली! भरलेली ट्रॉली निघाली, तिच्यावर मंडळाचा बॅनर होता: ‘गडकोट आमचा अभिमान’.

आता त्या किल्ल्याचे फोटो तुमच्याही ग्रुपवर येतील, लाईक मागतील. देणार का? द्या खुशाल. फक्त त्यातल्या बुरुजाकडं नीट बघा. त्याची माती खऱ्या बुरुजाची आहे.