घोकून घेतलेलं वाक्य

लोकहो, कोर्टातून आल्यापासून घास उतरत नाहीये.

मी लॉची विद्यार्थिनी. फॅमिली कोर्टात वकिलाशिवाय आलेल्यांची आम्ही तयारी करून घेतो. आत मात्र आम्हाला बोलायची परवानगी नाही.

आज बुटीबोरीच्या कापड मिलमधले एक दादा होते. बाहेर बाकावर मी त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं, "साहेब, मले दर इतवारी पोरीले भेटू द्या."

आत गेलो. वर्षभरानं बापाला बघून ती चिमुरडी आईच्या मागे लपली.

साहेबांनी विचारलं, "बोला, काय हवंय?"

"काही नाही साहेब. पोरगी भेऊन राहिली मले. राहू द्या."

मागे उभी राहून मी नुसते ओठ चावले. आग लागो त्या नियमाला!

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "ताई, बरोबर बोललो ना मी?"

तुम्ही काय सांगितलं असतं?