चालू सर्व्हरलाच विचारणाऱ्या कासलीवाल मॅडम

कासलीवाल मॅडम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसण्याआधी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटायच्या. फरसाणाचा चुरा पडला की "शी! घाणेरडे लोक," म्हणायच्या आणि मगच कामाला लागायच्या. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीचा सर्व्हर त्या सांभाळायच्या. मी त्यांच्या हाताखाली होतो.

खरी किळस त्यांना अंदाजपंचे कामाची होती. एकाच फाईलच्या 'नवीन', 'फायनल', 'फायनल दोन' अशा प्रती दिसल्या की भिंतीवर गुटख्याची पिचकारी पाहिल्यासारखं तोंड करायच्या. "फाईल कुठं असंल याचा अंदाज लावू नका, कुलकर्णी. चालू सर्व्हरलाच विचारा. तो खोटं बोलत न्हाई, माणसं बोलतात."

ऐन जूनमध्ये विक्रेत्यांची मागणी घेणारी आमची वेबसाईट बंद पडली. जुनं मशीन काढलं होतं, वेबसाईटला नव्या मशीनकडे वळवायचं होतं. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मॅडम रजेवर होत्या. मी दोन दिवस सर्व्हर ज्या सूचनांवर चालतो त्या नेहमीच्या कॉन्फिग फाईलमध्ये नव्या मशीनचा पत्ता टाकत होतो, फरक शून्य. "मॅडमच जाताना काहीतरी करून गेल्यात," साहेब म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पहिल्या कमांडने सर्व्हरची ठरलेली फाईल दाखवली. मी बदलत होतो तीच. "मंग आता चालू कोणत्या फाईलवर आहे ते बघू," म्हणत त्यांनी चालू प्रोग्रॅमची यादी काढली. सर्व्हरच्या ओळीत, तो ज्या फाईलवर सुरू केला होता तिचा पत्ता होता. ती फाईल माझ्या फोल्डरमध्ये होती. काही महिन्यांपूर्वी काहीतरी तपासायला मी त्याच फाईलच्या स्वतःच्या प्रतीवर सर्व्हर सुरू केला आणि तसाच सोडून दिला होता.

मॅडमनी त्या फाईलमध्ये नव्या मशीनचा पत्ता टाकला, वेबसाईट सुरू झाली.

"काय होतं?" साहेबांनी येऊन विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून वायर तपासू लागलो.

"सर्व्हर दुसऱ्याच फाईलवर चालू होता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुमचाच घोळ! ऐन हंगामात दोन दिवस गेले!" साहेब सगळ्या ऑफिससमोर ओरडले. मॅडमनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी वायरच तपासत राहिलो.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांना गेटवर गाठलं. "मॅडम, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"चूक कोणाचीबी होते, कुलकर्णी. तुम्ही कधी बोलता याची मी रोज वाट पाहून राह्यल्ते." रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या, "चुकीची न्हाई, तुमच्या गप्प बसण्याची शिसारी आली बघा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. "आता गेल्या ना त्या? जाऊ द्या," ते फोनवरून नजर न काढता म्हणाले. ते 'जाऊ द्या' ऐकून मला हायसं वाटलं. आजही ते आठवलं की मला माझीच किळस येते.