हीटर बिघडलेल्या सकाळी

बदलापुरात थंडी पडते हे मुंबईवाल्यांना खरं वाटत नाही. त्यांनी डिसेंबरात सकाळी हेंद्रेपाड्यात यावं, आमच्या पप्पांचा डिझेल टेम्पो चालू करून दाखवावा आणि मग बोलावं. चावी अर्धी फिरवायची, इंजिनाच्या हीटरचा पिवळा दिवा जाईपर्यंत हात आवरायचा आणि मगच सेल्फ मारायचा. एवढंच तर आहे. पण पप्पांना कुठला धीर! ते आधीच सेल्फ मारणार, थंड इंजिन नुसतं खोकणार, आणि इकडे माझा जीव टांगणीला.

कारण दिवाळीनंतर त्यांच्या छातीत स्प्रिंग टाकली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचलायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही. आणि आमच्या घरची रीत अशी, की टेम्पो अडला की आई स्टिअरिंगवर आणि पप्पा मागे. आईला गाडी चालवता येत नाही, पण दुसरा गिअर टाकून क्लच सोडायला ती लग्नानंतर लगेच शिकली.

त्या दिवशी हीटरचा दिवा लागलाच नाही. किती दिवस कुरकुरत होता, पण पप्पांचं आपलं बघू, बघू. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्या शेठचे फोनवर फोन. सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली. शेवटी पप्पा उतरले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. मी म्हटलं, मी एकटी ढकलते, तुम्ही बाजूला व्हा. ऐकतील तर शपथ. आईला म्हणाले, बस वर. ती लगेच चढून बसली. मला तिचा असा राग आला!

आम्ही दोघांनी मागून खांदा लावला. उताराची गल्ली, रिकामा टेम्पो, तरी तसूभर हलेना. पप्पांचा श्वास मला ऐकू येत होता. ते आणखी जोर लावायला वाकले. तेवढ्यात माझ्या गालाजवळ टेम्पोचा मागचा लाल दिवा लागलेला दिसला. आई ब्रेक दाबून बसली होती.

पप्पांनीही पाहिलं. मला वाटलं, आता हे ओरडणार. पण त्यांनी टेम्पोवरचे हात काढून घेतले. मग म्हणाले, "आईला सांग, मी नाही ढकलत. पाय काढ म्हणावं."

मी जाऊन सांगितलं. पण पप्पा समोरच्या ओट्यावर जाऊन बसेपर्यंत आईने काही पाय काढला नाही.