चांदीसकट वजन

भिलाईच्या हुडको वसाहतीत, माझ्या घरामागच्या गल्लीत सरकारी प्राथमिक शाळा आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास तिच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येऊ लागतो. आधी लसूण, मग हळद, आणि पाठोपाठ डाळीत शिजणाऱ्या मुनग्याचा हिरवट, ओलसर वास. मुनगा म्हणजे तुमचा शेवगा. आम्ही भिलाईचे मराठी लोक शेवगा म्हणायचं केव्हाच विसरलो. त्या वासासरशी भाजी निवडणारे माझे हात थांबतात आणि मी मनाने उतईच्या रस्त्यावरच्या एका अंगणवाडीत जाऊन बसते. नोकरीची शेवटची काही वर्षं मी अंगणवाड्यांची सुपरवायझर होते. दौऱ्यावर पोचायचे ती वेळही नेमकी हीच असे, आणि तिथल्या पातेल्यातही बहुधा हेच शिजत असे.

त्या अंगणवाडीच्या सेविकेला सगळी वस्ती दीदी म्हणायची, मीही म्हणायचे. माझ्याच वयाची, घरची मराठीच, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, भिलाई-३च्या क्वार्टरमध्ये वाढलेली. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. तिची एक रीत होती. पोर दारात आलं की ती आधी त्याला उचलून कडेवर घ्यायची, दोन पावलं चालायची आणि मग खाली सोडायची. मला पहिल्यांदा वाटलं, काय ही लाडावते! नंतर कळलं की बाई वजन करतेय. काट्यावर पोर नंतर चढायचं, तिच्या कमरेला ते आधीच कळलेलं असायचं.

आमच्या छत्तीसगडात पोरांच्या वजनाचाही सण असतो, वजन तिहार. गावोगाव, वस्तीवस्तीत पोरं तोलायची, उंची मोजायची, आणि आकडे मोबाइलमध्ये भरून वर पाठवायचे. आकडा भरला की पडद्यावर रंग उमटतो: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धोका. मला त्या मोबाइलचा भारी तोरा होता. बाकीच्या सुपरवायझर बायका मुलांकडून, सुनांकडून शिकत होत्या. मी आपली आपण शिकले होते आणि ते चारचौघींत सांगितल्याशिवाय मला राहवत नसे. रंगांचाही मोह पडतो हो. हिरव्या ठिपक्यांची रांग पाहिली की उगाच वाटतं, आपणच ही पोरं जेवू घातली.

अशाच एका वजन तिहाराला एक आजी दोन वर्षांच्या नातीला घेऊन आली. मुलगा पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, सून घरी, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. दीदी आत तान्ह्या बाळांच्या आयांशी बोलत होती, म्हणून काट्यापाशी मी बसले होते. आजीच्या तोंडचं ‘मले’, ‘तुले’ ऐकलं आणि मी विरघळलेच. माझे वडीलही तिकडूनच प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये नोकरीला आलेले. पोरगी किरकिरी, डोळे मोठे. अंगावर गावाहून नुकतीच आलेली चांदी: कमरेला जाड करदोडा, पायात तोडे, हातात कडी. मी काढायला सांगितलं तर आजीने दोन्ही हातांनी करदोडा धरला. पोर पाच वर्षांचं होईतो तो अंगावरून उतरवायचा नाही, उतरवला की नजर लागते, असं तिचं म्हणणं. मला ते पटायला काय वेळ! माझ्या आईने माझ्या भावाचा करदोडा तापातसुद्धा काढू दिला नव्हता. मी म्हटलं, राहू द्या आजी. आणि चांदीसकट पोरीला काट्यावर उभं केलं. आठ किलो दोनशे. मी आकडा भरला, पिवळा रंग आला, मी बटण दाबून पाठवून दिला.

दुपारी दीदीने यादी पाहिली आणि त्या नावावर बोट ठेवून थांबली. गेल्या महिन्यापेक्षा वजन वाढलं कसं, असं तिने विचारलं. मी करदोड्याचं सांगितलं, माहेरच्या माणसाचं मन मोडवलं नाही हेही सांगितलं. ती हसली नाही.

“मॅडम, पोरगी नाही भरली. चांदी भरली.”

मी चिडले, खरं सांगते. पाठवलेला आकडा परत घेता येत नसे. त्यासाठी वरच्या ऑफिसात आपली चूक लेखी कळवावी लागे. इतकी वर्षं एक शेरा न लागलेली मी, आणि निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. मी तिला समजावलं की पुढच्या महिन्यात नीट वजन घेऊ, तेव्हा काय ते दिसेलच. एका महिन्याने असं काय बिघडणार?

“तुमाले महिना लहान असते मॅडम,” ती म्हणाली. “तिले मोठा असते.”

मी चपला घातल्या आणि आम्ही दोघी काटा घेऊन त्या घरी गेलो. आजी दारातच आडवी उभी. दीदीने वाद घातला नाही. ती ओट्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं, आणि आपलं मनगट आजीपुढे धरलं. “आजी, खाली नका ठेवू. माह्या हाताले बांधा. माणसाच्या अंगावरच राहते नं ते.” आजीने ते मनगट हातात धरून पाहिलं. मग तिने स्वतःच्या हातांनी नातीचा करदोडा सोडला आणि दीदीच्या मनगटाला गुंडाळला. तोडे अन् कडीही तिच्याच ओंजळीत दिली. उघडी पोरगी काट्यावर चढली. आठला पन्नास ग्रॅम कमी, म्हणजे लाल. सुनेने पदर तोंडाला लावला.

आजी मात्र उसळली. आम्ही काय पोरीला उपाशी ठेवतो, वस्तीला काय तोंड दाखवू, असं बरंच बोलली. लाल रंग म्हणजे तिच्या चुलीला लागलेला डाग होता. दीदीने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “तुमी खाऊ घालता, मले माहीत हाय. तिच्या अंगी लागून नाही राहिलं. ते कावून, हे डॉक्टरले पाहू द्या.” आजीने करदोडा परत नातीच्या कमरेला बांधला आणि मान हलवली. चौथ्या दिवशी सून पोरीला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाली. पंधरा दिवस आईने लेकराजवळ तिथंच राहायचं, घरचं सगळं आजीने पाहायचं. पोटात जंत निघाले, रक्त कमी निघालं. दोन्हींवर औषध होतं.

मी ऑफिसात चिठ्ठी दिली: वजन चुकीचं भरलं गेलं, चूक माझी. साहेबांनी वर न पाहता सही केली. ज्या शेऱ्याच्या भीतीने मी एक महिना मागत होते, तो कोणी मारलाच नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला लाज वाटली.

पुढचे चार महिने मी काही ना काही निमित्ताने त्या अंगणवाडीत जात राहिले. पोरगी दाराशी यायची, दीदी तिला कडेवर घ्यायची, दोन पावलं चालायची, आणि मी दीदीचा चेहरा वाचायचे. पहिल्या महिन्यात तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा आजी म्हणाली की पोरगी आता भात मागून घेते. चौथ्या महिन्यात दीदीने पोरीला उचललं आणि कमरेवर हात ठेवून उगाच कुरकुर केली, “जड झाली बाप्पा.” आजी हसली आणि लगेच मीठ ओवाळायला वाटी शोधू लागली.

त्या दुपारी दीदीने कपाटातून एक शाळकरी वही काढली. सरकारने ती मागितली नव्हती. लाल रंगातल्या पोरांची नावं तिने त्यात आपल्या ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवली होती. लालमधून बाहेर आलेल्या काही नावांवर आडवी रेघ होती, काहींवर अजून नव्हती. तिने पोरीच्या नावावर बोट ठेवून वही माझ्यापुढे सरकवली, पेन हातात दिलं आणि म्हणाली, “हे नाव तुमीच काटा.”

अख्खी नोकरी मी नावं लिहिण्यात घालवली. जन्माची, लशींची, खाऊ नेणाऱ्यांची. नाव सुटलं की माणूस सुटतं, हेच आम्हाला शिकवलेलं. ती नावं, ते आकडे आता कुठल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात आहेत, मला ठाऊक नाही, आणि मी पाठवलेल्या इतर आकड्यांत किती चांदी होती हेही नाही. हे शेवटचं कधीकधी झोपू देत नाही. पण त्या वहीतल्या एका नावावर मी रेघ मारली आहे. नाव काटायची सवय नव्हती, रेघ वाकडी आली. आजी पुढे वाकून पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, हाव आजी, झालं. तिने पोरीचा हात धरला आणि दोघी घरी जेवायला गेल्या.